खेळांतील विमान आणि उलार गाडी

विमान हवेंत कसें राहतें, हा प्रश्न आम्हांस आमच्या विद्यार्थिदशेंत कधींही पडला नव्हता, ही गोष्ट आरंभींच कबूल करून टाकतों. आम्ही भाषा शिकविणारे. पुष्पक विमानाचें वर्णन वर्गांत कितीदां तरी समजावून सांगितलें असेल. परंतु खऱ्या विमानाचा पंख कोठें जोडावा व शेपूट त्यास कशासाठीं लागतें, हें विचारणारा कोणी भेटला नाहीं, आणि भेटला असता तर त्यास आम्हीं विज्ञानाच्या शिक्षकांकडे धाडलें असतें. पुढें जें लिहीत आहों तें आम्ही आमच्या चौदा वर्षांच्या मुलापाशीं शिकलों आहों. त्यांतील चुका मात्र आमच्या.

सन २०२५ च्या पावसाळ्यांत झालेल्या चांचणी परीक्षेंत या मुलास विज्ञानांत पंचवीसांपैकीं नऊ गुण मिळाले. तो संगणकावर विमानें बनविण्याचा एक खेळ खेळत असे. तेव्हां दोष कोणाचा, हें ठरविण्यास आम्हांस क्षणाचाही विलंब लागला नाहीं. संगणक कपाटांत गेला व किल्ली आमच्या खिशांत. मुलगा रडला नाहीं, रागावला नाहीं. त्यानें आमच्याशीं बोलणें मात्र सोडलें. विचारावें तर 'हो' किंवा 'नाहीं', एवढेंच उत्तर. असे आठ दिवस गेले. ज्यांच्या घरीं असे आठ दिवस कधीं आले असतील त्यांना ते किती लांब असतात हें सांगावयास नको.

नवव्या दिवशीं त्याची वही तपासतांना मागील पानांवर पेन्सिलीनें काढलेल्या आकृति दिसल्या. प्रत्येक आकृतींत एक विमान, व त्यास चार बाण. खालीं जाणाऱ्या बाणापाशीं लिहिलें होतें 'वजन', वर जाणाऱ्यापाशीं 'उचल', पुढील बाणापाशीं 'इंजिनाचा जोर' आणि मागील बाणापाशीं 'हवेचा रोध'. बाजूस भागाकार केलेले होते व ते बरोबर होते. 'बल म्हणजे काय' या प्रश्नास परीक्षेंत ज्यानें कोरी जागा सोडली होती, त्याच मुलाची ही वही! आम्हीं किल्ली त्याच्या हातांत दिली व म्हटलें, "आम्हांला हें शिकव." त्यानें थोडा वेळ आमच्याकडे पाहिलें, बहुधा यांत कांहीं डाव आहे कीं काय, याचा तो अंदाज घेत होता. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही मध्येंच उठून जाणार नसाल तर शिकवतों."

खेळाचें नांव 'सिंपलप्लेन्स'. जुंड्रू नांवाच्या एका लहानशा अमेरिकन मंडळीनें तो प्रसिद्ध केला. यांत खरी गंमत तयार विमानांत नाहीं. ठोकळे, पंख, इंजिनें, चाकें असे सुटे भाग असतात. ते जोडून विमान आपणच रचावयाचें आणि धांवपट्टीवर नेऊन उडवावयाचें. रचना चुकली असेल तर विमान उडत नाहीं, किंवा उडून पडतें. एकानें बनविलेलें विमान इतर खेळाडूंस देतां येतें, व दुसऱ्याचें विमान घेऊन, त्याचे भाग सुटे करून, तें कसें केलें आहे हें पाहतां येतें. खेळाडू परस्परांचीं विमानें दुरुस्त करतात, आणि हाच या खेळांतील उत्तम भाग आहे असें आमचें मत झालें आहे. अनोळखी माणसांस आपलें नांव, पत्ता किंवा शाळा सांगावयाची नाहीं, एवढा एकच नियम आम्हीं घातला. मुलानें तो आमच्या आधींच घालून घेतलेला होता.

आतां मुख्य विषय. विमानास उचल मिळते ती पंखापासून. पंख वाऱ्याशीं थोडा तिरपा धरलेला असतो व त्याचा वरचा पृष्ठभाग सामान्यतः फुगीर असतो. त्यामुळें समोरून येणारी हवा त्यावरून जातांना खालीं वळविली जाते. पंख हवेस खालीं लोटतो म्हणून हवा पंखास वर लोटते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. चालत्या गाडींतून हात बाहेर काढून तळवा किंचित् तिरपा केला कीं हात आपोआप वर जातो, (बाहेर हात काढणें चांगलें नव्हे, परंतु प्रत्येकानें तें कधीं ना कधीं केलेलें असतें.) ही उचल पंखाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते, पण वेगाबरोबर ती त्याहूनही झपाट्यानें वाढते: वेग दुप्पट झाला कीं उचल चौपट होते. म्हणून विमानास एवढें लांब धांवावें लागतें, व तें वाऱ्याकडे तोंड करून उडतें. समोरचा वारा हा फुकट मिळालेला वेग होय.

मग पंख अधिकच तिरपा धरला तर उचल वाढत जाणार नाहीं काय? वाढते, परंतु कांहीं मर्यादेपर्यंतच. साधारणपणें पंधरा अंशांच्या सुमारास हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागास धरून राहत नाहीं. ती सुटते, भोवरे होतात, आणि उचल एकदम ढांसळते. आमच्या हातून पहिलीं सात-आठ विमानें अशींच पडलीं, कारण वर जावयाचें म्हणजे नाक वर करावयाचें अशी आमची भाबडी समजूत होती. "बाबा, आधीं वेग, मग उंची," असें मुलगा दर वेळीं सांगे व आम्ही दर वेळीं विसरूं. वर्गांत तेंच तेंच विसरणाऱ्या मुलांवर आम्ही यापुढें थोडें कमी रागावूं, असें तेव्हां मनाशीं ठरविलें. तें कितपत पाळलें हें विद्यार्थीच जाणोत.

दिवाळीच्या सुमारास आम्हीं दोघांनीं एक मोठें काम अंगावर घेतलें. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन, अहमदाबादेस उतरून, मुंबईस जुहूच्या विमानतळावर जें विमान आणलें तें 'पस मॉथ' विमान आपण बनवावें, असा मुलाचा बेत. हें डी हॅविलँड कंपनीचें एकाच इंजिनाचें विमान. पंखांचा पसारा सुमारें अकरा मीटर, व इंजिन अवघें १२० अश्वशक्तीचें. अहमदाबादेस त्याचें इंधन बैलगाडीनें आणलेलें होतें असें सांगतात. इंजिन उलटें बसविलेलें, म्हणजे त्याचे सिलिंडर खालच्या अंगास, ज्यायोगें वैमानिकास समोरचें नीट दिसावें. हें वाचून काढण्याचें काम आमचें, जोडण्याचें त्याचें. वाचनाच्या कामीं आम्ही उपयोगीं पडलों, हें त्यानें आपल्या आईजवळ बोलून दाखविल्याचें आम्हांस मागाहून कळलें.

विमान दिसावयास हुबेहूब झालें. तें धांवलें, उठलें, आणि उठतांच नाक आकाशाकडे करून पाठीवर उलटलें. पुन्हा उडविलें, पुन्हा उलटलें. इंजिनाचा जोर कमी केला, पंख मोठा केला. परंतु फळ तेंच. तीन संध्याकाळ असें चाललें. चौथ्या दिवशीं मुलानें उंदीर (संगणकाचा) टेबलावर आपटला व तो पुन्हा पूर्वीसारखा गप्प झाला. आम्हांस त्या आठ दिवसांची आठवण होऊन मनांत धस्स झालें.

मागें खाटेवर आमचे वडील बसले होते. त्यांचें सर्व आयुष्य भातशेतींत व बैलांमागें गेलें. नवी मुंबईच्या विमानतळासाठीं जीं दहा गांवें उठलीं त्यांतील एक आमचें. आतां आम्ही विस्थापितांसाठीं वसविलेल्या वसाहतींत राहतों. (अशाच एका वसाहतीस पुष्पकनगर हें नांव दिलेलें आहे, नांव ठेवणाऱ्याच्या मनांत काय होतें कोण जाणे, पण तें आम्हांस नेहमीं विचारांत पाडतें.) विमानाच्या खेळाकडे वडिलांनीं तोंवर एकदांही पाहिलें नव्हतें. विमान हा शब्द निघाला कीं ते उठून बाहेर जात. त्या दिवशीं मात्र ते पडद्याकडे पाहत होते. विमान पांचव्यांदां उलटलें तसे म्हणाले, "अरे, गाडी उलार झाली तुझी. ओझं कुठं घातलंस?"

मुलास 'उलार' हा शब्द ठाऊक नव्हता. तेव्हां नातवास शेजारीं बसवून त्यांनीं सांगितलें, तें असें: दोन चाकांची बैलगाडी आंसावर तोललेली असते. पोतीं मागें जास्त भरलीं कीं गाडीची धुरा वर उचलली जाते, जूं बैलांच्या मानेवरून उठतें, आणि गळ्यांतील पट्ट्यांनीं बैलांस फांस बसतो. तिला म्हणावयाचें उलार. पोतीं फारच पुढें आलीं तर सगळा भार मानेवर येऊन बैल थकतात. म्हणून जाणता माणूस पोतीं अशीं रचतो कीं ओझें आंसाच्या किंचित् पुढें राहावें व जूं मानेवर हलकेंच टेकावें.

मुलगा उडी मारून उठला. टपालाच्या पिशव्यांचें वजन त्यानें वैमानिकाच्या पाठीमागें, पार शेपटाकडे घातलें होतें. गुरुत्वमध्य कोठें आहे व पंखांची उचल कोठें एकवटते, हें दाखविणाऱ्या खुणा त्या खेळांत पाहतां येतात. त्या पाहतांच गुरुत्वमध्य उचलीच्या मागें गेल्याचें स्पष्ट दिसलें. बैलगाडीस जसा आंस, तशी विमानास ही उचलीची जागा. गुरुत्वमध्य तिच्या मागें असेल तर वाऱ्याच्या एका झोतानें नाक थोडें वर होतांच उचल वाढते, ती नाकास आणखीच वर रेटते, आणि विमान उलटतें. गुरुत्वमध्य पुढें असेल तर तीच वाढलेली उचल नाकास खालीं आणते व विमान आपलें आपण सांवरतें. परंतु यामुळें नाक सदाच थोडें जड राहतें. तें तोलून धरण्यासाठीं शेपटाचा आडवा पंख बहुधा मागच्या अंगास खालीं दाबीत असतो. गाडीचा पुढील भार बैल मानेवर घेतो. विमानास पुढें मान नाहीं, म्हणून हें काम त्यानें मागच्या बाजूनें करवून घेतलें आहे. शेपूट कशासाठीं, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अशा रीतीनें मिळालें. खऱ्या विमानांतही उतारू, सामान व इंधन कोठें किती आहे, याचा हिशेब उड्डाणापूर्वीं करावाच लागतो, आणि इंधन जळत जाईल तसा गुरुत्वमध्य सरकतो याचेंही भान ठेवावें लागतें.

पिशव्या पुढें सरकविल्या. विमान उठलें, डुललें व सरळ निघालें. आमच्या वडिलांनीं टाळी वाजविली नाहीं, पण ते खाटेवरून उठून टेबलापाशीं आले.

विमान इतर खेळाडूंस देतांना मुलानें त्याचें नांव 'उलार' ठेवलें. कोठल्याशा दूर देशांतील एका खेळाडूनें तें घेऊन, शेपटाचा आडवा पंख थोडा रुंद करून परत धाडलें, आणि या शब्दाचा अर्थ काय असें विचारलें. बैलगाडीचें वर्णन इंग्रजींत करण्यासाठीं आजोबा, बाप व नातू असे तिघे एक संध्याकाळ बसलों होतों. व्याकरणाचा शिक्षक असून 'धुरा' या शब्दापाशीं आम्ही अडलों, तेव्हां मुलानें सरळ चित्र काढून धाडलें.

असल्या उद्योगांत घरच्या माणसांचा हात असणें ही कांहीं आमच्याच घरची गोष्ट नव्हे. मुंबईंत कांदिवलीच्या चारकोप भागांत कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानें आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें खरेंखुरें विमान बांधलें, तेंही एकत्र कुटुंबांत राहून. विमान गच्चीवरून क्रेननें उतरवावें लागलें. २०१६ च्या फेब्रुवारींत वांद्रें-कुर्ला संकुलांतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें, आणि सरकारी नोंदणी मिळण्यास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. विमान बांधण्यास लागली तशी चिकाटी अर्जांसही लागते, हें मुलांनीं यावरून लक्षांत घ्यावें. स्वतः टाटा यांनीं आपल्या त्या पहिल्या फेरीस पन्नास वर्षें झालीं तेव्हां, १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं कराची ते मुंबई हें उड्डाण एका जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानांतून पुन्हा केलें.

नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व २५ डिसेंबरपासून उतारूंची वाहतूक सुरू झाली. १,१६० हेक्टर जमीन त्यासाठीं लागली. उलव्याची टेंकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळविला. आमच्या वडिलांच्या खांचरांतील कोणती कोठें गेली हें आतां नकाशावरूनही सांगतां येत नाहीं. नाताळच्या त्या दिवशीं मुलगा त्यांना गच्चीवर घेऊन गेला. आम्ही मागून गेलों. विमान खालीं येऊं लागलें, तेव्हां मुलगा पंखांच्या मागच्या कडेनें बाहेर येणाऱ्या झडपा दाखवून सांगूं लागला कीं, वेग कमी झाला तरी उचल पुरावी म्हणून पंख असा वांकविला जातो. वडील ऐकत होते. पण त्यांची नजर विमानावर नव्हती, तें जेथें टेकणार होतें त्या जागेवर होती. बऱ्याच वेळानें त्यांनीं विचारलें, "वारा कुठला आहे आज?" मुलानें बोट ओलें करून वर धरलें व दिशा सांगितली. "आम्ही याच वाऱ्यावर उपणीत होतों," ते म्हणाले, आणि मग दोघे बराच वेळ तेथेंच बसून राहिले.

'उलार' अजून सर्वस्वीं निर्दोष झालेलें नाहीं. वेग वाढला कीं तें डावीकडे कलतें. मुलाच्या मतें एक पंख केंसभर वांकडा बसला आहे. आम्हांस संशय आहे तो फिरणाऱ्या पंख्याचा. आमचे वडील म्हणतात कीं, आधीं दोन्ही चाकें सारखीं आहेत का तें पाहा. त्यांचें अद्याप पाहिलेलें नाहीं.