गाडी उचलण्याआधी ऐक गं

सेनगावकडच्या शेतावर जाताना गाडी खाली टेकते, म्हणून लिफ्ट किट टाकायचं तुझ्या मनात आलंय. येऊ दे, त्यात वेडेपणा काही नाही. पण बघ, तू बोलेरो नाही घेतलीस. हवेच्या सस्पेन्शनची मोठी गाडी घेतलीस, तीही सेकंडहँड. बोलेरोचे पाटे आणि शॉकअप बदलले की मिस्त्री हात पुसून मोकळा होतो. तुझ्या गाडीची उंची मात्र लोखंड ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो. त्याचा स्वभाव आधी समजून घे.

घाबरू नकोस, अवघड काही नाही. मी तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एअर सस्पेन्शन म्हणजे टायरमधलीच हवा समजले होते, त्यापेक्षा तू कितीतरी पुढे आहेस. चाकाजवळ आर्म आणि बॉडीच्या मध्ये एक बारीकशी दांडी असते, तिच्या टोकाला सेन्सर. चाक वरखाली झालं की दांडी हलते आणि कॉम्प्युटरला कळतं, या कोपऱ्यात गाडी किती वर आहे. कमी वाटली तर तो कॉम्प्रेसर चालवून रबरी फुग्यात हवा भरतो, जास्त वाटली तर वॉल्व्ह उघडून सोडून देतो. आता तू फुग्यावर नुसता दोन इंचांचा स्पेसर बसवलास, तर काय होईल? तू डबा वरच्या फळीवर ठेवलास तरी सासूबाई गुपचूप तो खालच्या फळीवर आणून ठेवतात ना, तसंच. कॉम्प्युटर हवा सोडतो आणि गाडीला मूळ जागी आणतो. पैसे गेले, उंची नाही.

म्हणून अशा गाड्यांच्या किटमध्ये बहुतेक वेळा वेगळ्या लांबीच्या सेन्सर दांड्याच असतात. दांडी बदलली की कॉम्प्युटरला गाडी आहे त्यापेक्षा खाली वाटते आणि तो जास्त हवा भरतो. स्वस्त आहे, तासा-दोन तासांचं काम आहे, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. फुगा आधीच ताणलेला असतो, मग खड्ड्यात चाक खाली जायला जागा कमी उरते. चाकाकडे जाणाऱ्या एक्सलचा कोन वाढतो आणि त्याचं रबरी बूट लवकर फाटतं. शिवाय या गाड्या हायवेवर वेग वाढला की स्थिर राहायला आपणहून थोड्या खाली बसतात. तुझी बसेल तेव्हाही दोन इंच उंचच असेल, आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसेल. हिंगोलीहून नांदेडला १६१ नंबरच्या हायवेनं पोरांना घेऊन जातेस ना? मग याचा विचार कर.

तुझ्या भावाची गाडी वेगळी. स्प्रिंग लोखंडाची आणि फक्त शॉकअप इलेक्ट्रॉनिक, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ईच्या वरच्या मॉडेलात असतात तसे. तिथे स्पेसर टाकला तर उंची खरंच वाढते. पण शॉकअपची दांडी ठराविकच बाहेर येते, त्याची वायर ताणली जाते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून बसतो. काही जण साधे शॉकअप टाकून दिवा विझवायला एक डबी जोडतात. मला ते पटत नाही. दिवा विझतो, पण ज्या गोष्टीचे जास्तीचे पैसे मोजले ती गाडीतून निघून जाते.

आता खरं सांगू का? तुझी गाडी मुळात बुटकी आहे, असं मला वाटतच नाही. जुन्या हवेच्या गाडीत फुग्याच्या घडीत बारीक चिरा पडतात आणि हवा गळते. रात्री सपाट जागी लाव. चाकाच्या मधोमधपासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर टेपनं मोज आणि वहीत लिही. सकाळी परत मोज. एक कोपरा बसलेला दिसला तर तुला किट नको, फुगा हवा. फुग्यावर आणि पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. आणि ते टाळू नकोस, कारण गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो, मग खर्च दुप्पट.

दुसरं, आपली काळी. पावसाळ्यात ती चाकाला लागली की थर चढत जातो, टायरची नक्षी बुजते, आणि गाडी उंच असो की बुटकी, जागच्या जागी घसरते. तिथे दोन इंच काही करत नाहीत. चांगल्या नक्षीचे टायर, तेही कंपनीनं दिलेल्या मापातच, जास्त कामाला येतात. तोच चिखल सेन्सरच्या दांडीभोवती वाळला की विटेसारखा होतो, दांडी अडकते आणि कॉम्प्युटर चुकीचं वाचतो. शेतावरून आल्यावर चाकाच्या आतल्या बाजूला पाणी मार गं, नुसता बोनेट पुसून काय उपयोग? आणि गाडीतलं उंची वाढवायचं बटण तू कधी दाबलंस का? लँड रोव्हर डिफेंडरमध्ये हवेचं सस्पेन्शन असेल तर ते बटण गाडी ७५ मिलिमीटर वर नेतं, म्हणजे जवळजवळ तीन इंच. तुझ्या गाडीचं मॅन्युअल काढ, तिचा आकडा बघ. सावकाश शेतात जायचं, हायवेला लागलं की उंची परत उतरवायची.

कायद्याचंही सांगून ठेवते, मागाहून म्हणशील ताई बोलली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते ती वेगळीच. म्हणून आधी आपल्या एमएच-३८च्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचार. तोंडी 'चालतंय हो' ऐकून परत येऊ नकोस.

एवढं करूनही फुगे बदलायला किंवा किट बसवायला गाडी उघडावी लागलीच, तर तिथे उभी राहा. बाईमाणूस म्हणून खुर्चीवर बसवतील, बसू नकोस. काम सुरू करण्याआधी स्कॅनर लावून जुन्या चुकांचे कोड काढायला सांग आणि मोबाइलवर फोटो घे, म्हणजे 'हे आधीचंच होतं' हे पुढे कुणाला म्हणता येणार नाही. जॅक लावण्याआधी गाडी जॅक मोडवर टाकलीच पाहिजे, नाहीतर चाक लटकलं की कॉम्प्युटर उंची सावरायला जातो आणि खाली हात घातलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. पाइप सोडण्याआधी हवा स्कॅनरनंच उतरवायची. काम झालं की आधी हवा भरायची, मग गाडीचं वजन चाकांवर टाकायचं, कारण रिकामा फुगा वजनाखाली दुमडतो आणि नवाकोरा फाटतो. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी आपल्या उंचीवर उभी असताना. लटकत्या चाकाला आवळले तर बुश पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत कुरकुरायला लागतं.

मग उंचीचं कॅलिब्रेशन, त्यानंतर अलाइनमेंट, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही ना, ते भिंतीवर पाडून बघायचं. काचेवर कॅमेरा किंवा समोर रडार असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन. अलाइनमेंट कुणीही करून देईल. उंचीचं कॅलिब्रेशन मात्र तुझ्या गाडीचा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच, मग त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावं लागलं तरी चालेल. आधी फोन करून विचार, स्कॅनर आहे का. 'करून देतो' हे उत्तर धरायचं नाही.

माझं मत विचारशील तर किट टाकू नकोस. गळती काढ, टायर बदल, बटण वापर. आज रात्री आधी ती चार मापं घे आणि सकाळची मापं मला पाठव.