विजेची शिदोरी

दूरच्या प्रवासास निघालेला वाटसरू शिदोरी बरोबर घेतो. लॅपटॉपचेही तसेच आहे. घरच्या विजेपासून तो दूर गेला, की बॅटरीतील साठ्यावरच त्याला निर्वाह करावा लागतो.

१८०० साली इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्यांची रास रचून केलेली पहिली बॅटरी जगापुढे मांडली. आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बॅटरीतील साठा वॉट-तासांत मोजतात. ५० वॉट-तासांची बॅटरी १० वॉट खर्चणाऱ्या लॅपटॉपला ५ तास पुरते. पडद्याचा उजेड कमी केल्याने व अनावश्यक कामे बंद ठेवल्याने हा खर्च ८ वॉटांवर आला, तर तीच बॅटरी सव्वासहा तास चालते. तेवढ्यानेही न भागल्यास पॉवर बँक ही दुसरी शिदोरी उपयोगी पडते. मात्र फोनला पुरणारी लहान पॉवर बँक लॅपटॉपला बहुधा पुरत नाही. शिवाय तिच्यातील काही वीज उष्णतेच्या रूपाने वाटेतच खर्ची पडते.

या साठ्यात जशी शक्ती आहे, तसा धोकाही आहे. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते; फुगलेली बॅटरी पेटही घेऊ शकते. म्हणूनच विमानप्रवासात पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी लागते.

आधी काटकसर, मग जादा साठा आणि सदैव सावधगिरी, हाच विजेच्या शिदोरीचा नियम होय.