चिऱ्याचा बंगला आणि वाडीची विहीर

प्रश्न : आमच्या भागात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले होतात. मालक वर्षातून दहा-बारा दिवस येतात. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे नैसर्गिक; पाऊस तर धो धो. मग पर्यावरणाचं नुकसान होतं ते कुठे? की लोक नुसते जळतात?
– एक वाचक, पाली (जि. रत्नागिरी)

उत्तर :   

जळणारे असतीलही, पण त्यांना बाजूला ठेवू. चिरा नैसर्गिक आहे, यात वाद नाही. त्याला भट्टी लागत नाही, म्हणून भाजक्या विटेपेक्षा तो बरा. मात्र नैसर्गिक म्हणजे फुकट नव्हे. चिरा ज्या दगडातून कापतात, तो जांभा तयार व्हायला लाखो वर्षं लागली. पूर्वी हाताने तोडलेल्या चिऱ्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या नांदायच्या आणि घर मोडलं तरी तेच चिरे नव्या जोत्याला लागायचे. आता गोल पात्याचं यंत्र सड्यावर उभ्या-आडव्या रेघा मारत जातं, आणि तांबडी धूळ शेजारच्या कलमांच्या मोहोरावर बसते.

आता पावसाचं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे खरं. पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून बघता बघता समुद्राला मिळतो. जो थोडा अडतो, तो सड्यामुळे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्याच्या भोकांतून, भेगांतून खाली मुरतं, खालच्या चिकण थराला अडतं, आडवं सरकतं आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. वाडीची विहीर बहुधा तिथेच असते. वरचा जांभा कापून नेला किंवा त्यावर काँक्रीट पसरलं, की मुरणारं पाणी श्रावणातच वाहून जातं. मग मे महिन्यापर्यंत पुरणारी विहीर लवकर तळ गाठते.

सातबाऱ्यावर सड्याची जमीन बऱ्याचदा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेली असते, त्यामुळे ती वायाच गेलेली वाटते. प्रत्यक्षात पहिल्या पावसात याच कातळावर दिपकाडी ही रानवनस्पती फुलते, जी कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर सापडत नाही. उक्षी, जांभरूणची कातळशिल्पंही सड्यावरचीच. ती २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

खरा हिशेब मात्र बंगल्याच्या कुंपणाच्या आत आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, दीड मीटर खोल पोहण्याचा तलाव धरा : ७५,००० लिटर. जलजीवन मिशनचं ग्रामीण माप माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे एकदा भरलेला तलाव पाच जणांच्या घराला नऊ महिने पुरला असता. उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर तेच अडीचशे-तीनशे लिटर होतं; एका कुटुंबाचं दिवसाचं पाणी, कुणी पोहलं नाही तरी! हिरवळ त्याहून खादाड. दहा गुंठ्यांच्या हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे ५,००० लिटर लागतात, म्हणजे नव्वद माणसांचा वाटा. आंब्याचं कलम पहिली काही वर्षं पाणी मागतं आणि मग आपलं आपण जगतं. हिरवळ दर उन्हाळ्यात मागते, आणि तेही वाडीत टँकरची वाट बघण्याच्या दिवसांत.

‘चैनीचं ओझं श्रीमंत देशात; आपल्या देशात ओझं पडतं ते लोकसंख्येचं, चार बंगल्यांनी काय होणार?’ असंही विचारलं जातं. देशभराच्या सरासरीत चार बंगले दिसणारही नाहीत. पण पाणी सरासरीतून येत नाही, ते एका डोंगराच्या पोटातून येतं. तिथे नव्वद माणसं काटकसरीने जेवढं वापरतात, तेवढं एका बंद घराची बाग पिते. शिवाय बंगल्याची कूपनलिका खोल, वाडीची विहीर उथळ. चैनीचा भार श्रीमंत देशातही पडतोच, पण तिथे शेजाऱ्याच्या नळाला बहुधा पाणी असतं.

गवंडी, माळी, राखणदार यांना काम मिळतं, हे नाकारू नये. तेवढंच काम हिरवळ आणि तलाव वगळूनही मिळेल. सड्याचा बराचसा भाग न खणता सोडला, मोडलेल्या घराचे चिरे वापरले, छपराचं पाणी टाकीत घेतलं, तर तोच बंगला वाडीला फारसा जड जाणार नाही. जागा विकायला निघालेल्याने गिऱ्हाइकाला आधी एवढंच विचारावं : तलाव बांधणार का, आणि एप्रिलमध्ये तो कुठल्या पाण्याने भरणार?