गृहकर्ज आणि मध्यस्थ : एक घरगुती अभ्यास

'घर पाहावे बांधून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिला आता 'कर्ज पाहावे काढून' अशी जोड द्यावयास हवी! गेल्या वर्षी आमच्या घरी हा योग आला आणि अर्थशास्त्राच्या तासाला वहीत उतरवून घेतलेला 'दलाली' हा शब्द मला प्रथमच नीट समजला.

आमचे गाव तालुक्याचे. बँका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दुय्यम निबंधक कार्यालयासमोर बसणारे एक गृहस्थ कर्जप्रकरणे करून देतात, असे शेजाऱ्यांनी सांगितले. दादाला २० लाख हवे होते. गृहस्थ म्हणाले, "२५ काढा, फर्निचरही होऊन जाईल." त्यांची फी विचारली तर हसून म्हणाले, "तुमच्याकडून एक पैसा नको." दादा कोऱ्या अर्जावर सही करणार, तोच आई म्हणाली, "फुकट कोण राबतं रे? याला पैसे देतं तरी कोण?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही बँकेत जाऊन मिळविले. मध्यस्थाला मोबदला बँक देते आणि तो सामान्यतः मंजूर होऊन दिलेल्या कर्जाच्या रकमेवर टक्केवारीने ठरतो. म्हणजे कर्ज मोठे, तर दलाली मोठी. यात लबाडी असतेच असे नाही. पण त्याचे हित आणि आपले हित एक नव्हे. ९ टक्के दराने २० वर्षांसाठी ५ लाख जादा घेतले असते, तर दरमहा सुमारे ४,५०० रुपये आणि अखेरीस जवळजवळ १० लाख ८० हजार फेडावे लागले असते. एवढे महाग फर्निचर कोणाला परवडणार?

मात्र मध्यस्थ निरुपयोगी असतो, असे मी म्हणणार नाही. सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, वकिलाचा शोध अहवाल ही कागदपत्रे कोठे अडतात, हे त्या गृहस्थांना तोंडपाठ होते. आमच्या प्लॉटच्या जुन्या मालकाने फेडलेल्या कर्जाचा बोजा 'इतर हक्कां'त तसाच राहिला होता. तो कमी करून घ्या, हे त्यांनीच सुचविले.

दर मात्र आम्ही स्वतः पाहिले. दोन बँकांत अर्ध्या टक्क्याचा फरक निघाला : ९ आणि साडेआठ. दर तसाच राहिला असे धरले तरी २० लाखांवर २० वर्षांत ही तफावत सुमारे १ लाख ५३ हजारांची होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा नव्या कर्जांसाठी, सर्व खर्च धरून पडणारा वार्षिक दर दाखविणारे तथ्यपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही करू नये. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास व्यक्तीला दंड पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अखेर त्याच गृहस्थांच्या मदतीने, पण आम्ही निवडलेल्या बँकेतून, दादाने २० लाखच घेतले. विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी उद्या असा अर्ज येईल. तेव्हा पुस्तकातले सूत्र विसरलात तरी चालेल. माझ्या आईचा प्रश्न तेवढा विसरू नका.