रामसरच्या ठरावाने मासळी वाढते का?

प्रश्न : आमच्या नांदूर मध्यमेश्वरला 'रामसर'चा दर्जा मिळाला तेव्हा गावात बराच गाजावाजा झाला. हे रामसर काय आहे? आणि परदेशात परिषदा भरवून, ठराव करून इथल्या पाण्यात खरंच काही फरक पडतो का? – एक वाचक, निफाड

उत्तर : रामसर हे इराणमधलं, कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. 2 फेब्रुवारी 1971 रोजी तिथे 18 देशांनी पाणथळ जागा वाचवण्याचा करार केला. मुख्य काळजी होती पाणपक्ष्यांची, कारण सायबेरियातून निघालेलं बदक वाटेत कुठल्याच देशाची हद्द मानत नाही. पण करारात एक शहाणी गोष्ट घातली गेली. तळ्याला कुंपण घालून माणसाला हाकला, असं त्यात म्हटलेलं नाही. मासेमारी, शेती, पाणी उचलणं चालू द्या, मात्र तळं टिकेल इतपतच. तुमचं मध्यमेश्वर तरी कुठे निसर्गाने घडवलंय? गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ पाटपाण्यासाठी बंधारा घातला, मागे गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं झाली, आणि मग पक्षी आले.

आता फरकाचं. या कराराकडे ना पोलीस, ना दंड. आहे ती एक नामुष्कीची यादी. स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो इथल्या 1990च्या परिषदेत ती ठरली. बिघडत चाललेल्या पाणथळ जागांची नावं तिच्यात जातात. 1993 साली ओडिशातलं चिल्का सरोवर तिच्यात गेलं. नद्यांच्या गाळाने समुद्राकडचं तोंड बुजत चाललं होतं, खारेपणा घटला होता, पाणवनस्पती माजल्या होत्या आणि कोळ्यांच्या जाळ्यात मासळी येईना. चिल्का विकास प्राधिकरणाने अभ्यास करून सप्टेंबर 2000 मध्ये वाळूचा पट्टा फोडून समुद्राला नवं तोंड दिलं. भरतीचं पाणी आत आलं आणि पाठोपाठ मासे, कोळंबी, खेकडेही. उत्पादन थोड्याच काळात कित्येक पटींनी वाढलं. 2002 साली चिल्काचं नाव यादीतून निघालं, वर रामसरचा पुरस्कारही मिळाला.

म्हणजे परिषदेने मासळी वाढवली? नाही. तोंड फोडलं ते ओडिशाच्या लोकांनी. त्या यादीने सरकारच्या पाठीशी टोचणी लावली, एवढंच. टोचणी नेहमी लागू पडतेच असंही नाही. मणिपूरचं लोकटकही 1993 पासून त्याच यादीत आहे आणि अजून तिथेच आहे. वीजनिर्मितीसाठी 1983 साली झालेल्या इथाई बंधाऱ्याने त्याचं पाणी वर्षभर चढं राहतं. तिथे 'फुमदी' नावाचे गवताचे तरंगते थर असतात. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते तळाला टेकायचे आणि मुळांना मातीतलं पोषण मिळायचं. आता ते टेकतच नाहीत, पातळ होत चाललेत, आणि त्यांच्यावरच जगणाऱ्या सांगाई हरणाच्या पायाखालची जमीनच विरते आहे. चिल्कात कोळी, सरकार आणि परिषद यांचं हित एका बाजूला आलं. लोकटकमध्ये समोर वीज उभी आहे, आणि विजेपुढे ठरावाचं फारसं चालत नाही, असं माझं मत.

तुमच्या कामाची गोष्ट मात्र दिल्लीच्या राजपत्रात आहे. आपल्याकडे परिषदा कायद्यात अशाच झिरपतात. 1986च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या प्रास्ताविकातच 1972च्या स्टॉकहोम परिषदेचा उल्लेख आहे. त्याच कायद्याखाली 2017 साली पाणथळ जागांचे नियम आले आणि रामसर स्थळांना ते थेट लागू होतात. अतिक्रमण नाही, कचरा टाकणं नाही, शहरांचं किंवा कारखान्यांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं नाही. नियम आले त्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत, बोटींचे धक्के सोडले तर, पक्कं बांधकाम नाही. गोव्यातल्या नंदा तळ्यालाही हेच.

तुमच्या वरच्या अंगाला नाशिक शहर आहे, त्यामुळे सांडपाण्याचं कलम तुम्ही आधी वाचावं. तक्रार राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे करायची. त्याचे अध्यक्ष खुद्द राज्याचे पर्यावरणमंत्री असतात. अर्जात 'रामसर स्थळ' हे शब्द ठळक लिहा, सोबत तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.