नळीतले रक्त

दंडातून रक्त काढून दिले की आपले काम संपले, पुढे यंत्र सांगेल ते खरे, असे आपण धरून चालतो. पण यंत्रापर्यंत पोचण्याआधी त्या नळीत काय घडते, हे पाहण्याजोगे आहे.

रक्त बाहेर आले तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि नळीतही साखर खातच राहतात. नेहमीच्या तपमानात दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर अशी खर्ची पडते. आता हिशेब करा. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक साखर म्हणजे मधुमेहाची खूण. कोणाची १३० आहे. नळी चार तास तशीच पडून राहिली, तर यंत्र दाखवणार शंभराच्या आसपास! आमच्या आपांचे असेच झाले. एका शिबिरात सकाळी आठला रक्त दिले, नळ्या दुपारी शहरात पोचल्या. अहवाल चांगला आला म्हणून घरात शिरखुर्मा झाला. पुढे पायाची जखम भरेना, तेव्हा पुन्हा तपासणी केली आणि खरे काय ते कळले.

करड्या टोपणाच्या नळीतील फ्लोराइड ही खादाडी थांबवते. परंतु त्याचा अंमल पुरता बसायला तास-दोन तास जातात. खात्रीचा मार्ग म्हणजे प्लाझ्मा लवकर वेगळा करणे. रक्त गोठू न देणारे द्रव्य घातलेल्या नळीत रक्त घ्यावे, नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करावी. घुसळू मात्र नये. पेशी फुटून त्यांतील पोटॅशियम बाहेर येते. मग समोर तेवढ्याच वजनाची नळी ठेवून ती यंत्रात दहा-पंधरा मिनिटे गरगर फिरवावी. जड पेशी तळाशी बसतात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो. तो निम्म्याहून थोडा अधिक भरतो. तो काढून घेतला की साखर खाणारे कोणी उरत नाही. (रक्त आपोआप गोठू देऊन घेतलेला द्रव तो सीरम, त्यात फायब्रिनोजेन नसते.)

टोपणांचा क्रमही उगाच नसतो. निळे आधी, जांभळे मागाहून. जांभळ्या नळीत पोटॅशियमचा क्षार असतो. त्याचा अंश दुसऱ्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटे वाढते, कॅल्शियम खोटे घटते. तेव्हा रक्त घेणारी मुलगी नळ्या निरखीत बसली, तर तिला घाई करू नये.

आपा आता रक्त देताना नळीवर वेळ लिहून घेतात.