मणक्याचा मार आणि मूळ पेशी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीची घरे कोसळली. अशा ढिगाऱ्यातून माणसाला हातापायाला धरून ओढले, तर मोडलेला मणका सरकून मज्जारज्जू चेपतो. कमरेखालचे अंग लुळे पडते. मज्जारज्जू हाडासारखा सांधत नाही.

मुंबईच्या शीव रुग्णालयातील न्यूरोसर्जरीचे प्राध्यापक डॉ. आलोक शर्मा पुढे याच कामाकडे वळले. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळ पेशी काढून पाठीच्या कण्यातील द्रवात सोडायच्या, ही त्यांची पद्धत. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार या दुखापतीवर तो सिद्ध उपचार नव्हे. तो मान्यताप्राप्त चाचणीतच द्यावा, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत. शेत विकायला निघालेल्यांनी हे आधी विचारावे.

जखमीला मात्र मान-पाठ न वाकवता, चौघांनी मिळून, दाराच्या फळीवर सरळ निजवूनच दवाखान्यात न्यावे.